मानेचा एमआरआय: रिपोर्टमधले शब्द काय सांगतात आणि ऑपरेशन कधी लागतं?

मानेच्या एमआरआयचा रिपोर्ट हातात पडतो, पण डॉक्टरांची वेळ बहुतेकदा दोन-तीन दिवसांनंतरची असते. मधल्या काळात लिफाफा उघडला जातो, रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो आणि कुणीतरी एकेक शब्द गुगलवर शोधायला लागतं. 'डिजनरेटिव्ह', 'प्रोट्रूजन', 'कॉम्प्रेशन', 'स्टेनोसिस' हे शब्द एकाच पानावर आठ-दहा वेळा दिसले की ऑपरेशन ठरल्यातच जमा आहे असं वाटू लागतं. त्यातच नात्यातलं कुणीतरी 'मणक्याला हात लावू देऊ नका, माणूस अंथरुणाला खिळतो' असंही सांगून जातं.

प्रत्यक्षात असे शब्द रिपोर्टमध्ये असणाऱ्या बहुतेकांना ऑपरेशनची गरज पडत नाही. आणि ज्यांचं ऑपरेशन वेळेत व्हायला हवं असतं, त्यांच्यातल्या अनेकांची मान फारशी दुखतही नसते. म्हणूनच ते डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतात. हे असं उलटं का होतं, ते कळलं की रिपोर्ट वाचणं बरंच सोपं होतं.

मानेत काय काय असतं?

मानेत सात मणके असतात. वरून खाली त्यांना सी१ ते सी७ म्हणतात. त्याखाली छातीचे मणके सुरू होतात, त्यांना टी१, टी२ अशी नावं आहेत. सर्वांत वरच्या दोन मणक्यांच्या मध्ये चकती नसते. तिथून खाली प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक असते. बोलताना आपण तिला 'गादी' म्हणतो, रिपोर्टमध्ये तीच 'डिस्क' असते. तिच्या बाहेर चिवट तंतूंचं कडं आणि आत पाणीदार, मऊ गर.

मणक्यांच्या मागच्या बाजूने एक पोकळ नळी तयार होते. तिच्यातून मेंदूकडून येणारा मज्जारज्जू खाली जातो. प्रत्येक पातळीवर त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक नस निघते आणि मणक्यांमधल्या छोट्या खिडकीतून बाहेर पडून खांद्याकडे, हाताकडे जाते.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मज्जारज्जू म्हणजे इमारतीत येणारी मुख्य वीजवाहिनी आणि नस म्हणजे एका फ्लॅटकडे गेलेली वायर. एका वायरमध्ये बिघाड झाला तर एकाच घरातले दिवे मिणमिणतात. मुख्य वाहिनीत झाला तर खालच्या सगळ्या मजल्यांवर परिणाम दिसतो. मानेतली नस दबली तर एका हातात कळ येते, मुंग्या येतात, एखादा स्नायू अशक्त होतो. मानेतला मज्जारज्जू दबला तर दोन्ही हात, दोन्ही पाय, चाल, लघवीवरचा ताबा यांपैकी काहीही बिघडू शकतं.

मणके सात असले तरी मानेतल्या नसांच्या जोड्या आठ आहेत. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'सी५-सी६' लिहिलं असेल तर तिथे साधारणपणे सहावी नस दबते, 'सी६-सी७' असेल तर सातवी. दोन आकड्यांपैकी खालचा आकडा धरायचा. सी७ आणि टी१ यांच्या मधून आठवी नस जाते.

रिपोर्टमधले शब्द

रिपोर्टमध्ये सगळे दोष एकाच सुरात लिहिलेले असतात. तीन ओळी चकती सुकल्याबद्दल आणि अर्धी ओळ मज्जारज्जूबद्दल, असंही होतं. महत्त्व मात्र त्या अर्ध्या ओळीला जास्त असतं. म्हणून हे शब्द कमी काळजीच्या बाजूकडून जास्त काळजीच्या बाजूकडे असे वाचूया.

'लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस' किंवा 'स्ट्रेटनिंग'. मानेला पुढच्या बाजूला हलका बाक असतो, तो चित्रात सरळ दिसतो आहे, इतकाच याचा अर्थ. मशीनमध्ये उताणं झोपताना मान कशी ठेवली होती, स्नायू आखडले होते का, यानेही हे होतं. एवढ्या एका वाक्यावरून काहीच ठरत नाही.

'डिस्क डेसिकेशन' म्हणजे चकतीतलं पाणी कमी होणं. तरुण चकती एमआरआयच्या टी२ प्रकारच्या चित्रात उजळ दिसते, सुकलेली काळी दिसते. 'रिड्यूस्ड डिस्क हाइट' म्हणजे चकतीची उंची कमी झाली. आपल्याकडे यालाच 'मणक्यात गॅप आला' म्हणतात, गंमत म्हणजे तो गॅप कमी झालेला असतो. 'ऑस्टिओफाइट्स' म्हणजे मणक्याच्या कडेला वाढलेली हाडाची टोकं. हे तिन्ही बदल वयाबरोबर येतात. त्यांना एकत्रितपणे 'स्पॉन्डिलोसिस' म्हणतात. घरोघरी याला 'स्पॉन्डिलायटिस' म्हणायची पद्धत आहे, पण ते नाव खरं तर मणक्यांना सूज आणणाऱ्या वेगळ्या आजारांचं आहे.

मग येतात 'बल्ज', 'प्रोट्रूजन' आणि 'एक्स्ट्रूजन'. चकती सगळ्या बाजूंनी थोडी फुगली तर बल्ज. एका जागी पुढे आली, पण तिचा पाया रुंद राहिला, तर प्रोट्रूजन. आतला गर कडं फोडून बाहेर आला तर एक्स्ट्रूजन. ऐकायला शेवटचा प्रकार सर्वांत भयानक वाटतो. पण बाहेर पडलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि काही महिन्यांनी पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये तो लहान झालेला किंवा नाहीसा झालेला अनेकदा दिसतो. बल्ज मात्र वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, कसलाही त्रास न देता.

'इंडेंटिंग द थीकल सॅक' हे वाक्य जवळपास प्रत्येक रिपोर्टमध्ये सापडतं. मज्जारज्जूभोवती पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी असते, तिला चकती टेकली आहे असा त्याचा अर्थ. पिशवीला टेकली म्हणजे मज्जारज्जूला दाबलं असं होत नाही. मध्ये द्रव असतो.

'न्यूरल फोरामिनल नॅरोइंग' म्हणजे नस बाहेर पडण्याची खिडकी अरुंद झाली. इथे उजवी बाजू की डावी, कोणती पातळी, आणि 'माइल्ड', 'मॉडरेट' की 'सिव्हिअर', हे बघायचं.

आता सर्वांत महत्त्वाचे शब्द. 'कॅनाल स्टेनोसिस' म्हणजे मुख्य नळीच अरुंद होणं. मानेच्या खालच्या भागात ही नळी पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते. १३ च्या खाली गेली तर अरुंद आणि १० च्या खाली गेली तर फारच अरुंद मानतात. 'कॉर्ड कॉम्प्रेशन' म्हणजे मज्जारज्जूवर प्रत्यक्ष दाब. आणि 'टी२ हायपरइंटेन्सिटी इन द कॉर्ड', 'कॉर्ड सिग्नल चेंज' किंवा 'मायलोमलेशिया' यांपैकी काही लिहिलं असेल, तर दाबाचा परिणाम मज्जारज्जूच्या आत उमटला आहे, असा संशय त्यातून व्यक्त होतो. यांपैकी काही रिपोर्टमध्ये असेल तर मान दुखत असो वा नसो, मणक्याच्या किंवा मेंदूच्या तज्ज्ञाकडे लवकर जायला हवं.

शेवटी छोट्या अक्षरात 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवलेलं असतं. लोक ते वाक्य सोडून देतात. रेडिओलॉजिस्टने चित्र पाहिलेलं असतं, तुम्हाला तपासलेलं नसतं; चित्र आणि माणूस जुळतात का हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं आहे, असं ते सांगतं.

काहीच दुखत नसलेल्यांचा एमआरआय काढला तर?

हा प्रयोग खरोखर झालेला आहे. जपानमधल्या संशोधकांनी मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकतीचा फुगवटा होता. अगदी विशीतल्या लोकांमध्येही, पुरुषांत ७३.३ आणि स्त्रियांत ७८ टक्के. म्हणजे धडधाकट तरुणांचा रिपोर्टही 'डिस्क बल्ज' म्हणूनच आला असता.

त्याच लोकांमध्ये मज्जारज्जूवर दाब मात्र फक्त ५.३ टक्क्यांत होता आणि मज्जारज्जूच्या आतला बदल २.३ टक्क्यांत. या दोन्हींचं प्रमाण पन्नाशीनंतर वाढत गेलेलं दिसलं. चकतीचा फुगवटा हा केस पिकण्यासारखा आहे, मज्जारज्जूवरचा दाब तसा नाही, हे या आकड्यांवरून कळतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. तुमची मान दुखते आणि एमआरआयमध्ये बल्ज आहे, एवढ्यावरून बल्जमुळेच मान दुखते असं म्हणता येत नाही. तो बल्ज दुखणं सुरू होण्याच्या दहा वर्षं आधीही तिथे असू शकतो. फक्त मान किंवा खांद्यांमधली जागा दुखत असेल, हातात कळ नाही, मुंग्या नाहीत, अशक्तपणा नाही, तर ऑपरेशनने फायदा होण्याची खात्री फार कमी असते. अशा वेळी व्यायाम, बसण्याची जागा, झोप, ताण आणि वेळ हेच उपचार. ते कंटाळवाणे आहेत हे खरं.

चक्कर येण्याबद्दलही इथेच सांगायला हवं. आपल्याकडे चक्कर आली की मानेच्या मणक्याला दोष देऊन गळ्यात पट्टा बांधायची जुनी सवय आहे. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद घर फिरल्यासारखं वाटत असेल, तर बहुतेकदा कारण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात सापडतं. डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून डॉक्टर ते तिथल्या तिथे बरं करू शकतात.

नस दबली असेल तर

नस दबल्याचं दुखणं ओळखू येण्यासारखं असतं. मानेतून निघून खांद्यावरून हातात उतरणारी कळ, ठरावीक बोटांत मुंग्या, रात्री झोपू न देणारी ठणक. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, असं काही रुग्ण आपणहून सांगतात. तसं केल्याने नसेवरचा ताण कमी होतो, आणि डॉक्टरांना तो मोठा धागा मिळतो.

कोणती नस, ते हात सांगतो. पाचवी नस दबली तर दंड बाजूला वर उचलायला जड जातं. सहावीच्या त्रासात अंगठा आणि त्याशेजारच्या बोटात मुंग्या येतात, मनगट वर उचलण्याची ताकद कमी होते. सातवीत मधलं बोट बधिर होतं आणि कोपर सरळ करून काही ढकलताना जोर लागत नाही. आठवीत करंगळीकडची बाजू आणि पकड.

आता समजा, रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला सी५-सी६ पातळीवर नस दबलेली दाखवली आहे, आणि मुंग्या मात्र डाव्या करंगळीत येत आहेत. चित्र आणि हात जुळत नाहीत. इथे चित्रातल्या दोषाचं ऑपरेशन कितीही छान झालं तरी मुंग्या जाणार नाहीत, कारण त्या तिथून येतच नाहीत. कदाचित कोपरापाशी नस दबत असेल. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत रात्री मुंग्या येऊन हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस तपासावी लागते. खांदा आखडल्याचं दुखणंही मानेच्या नावावर जातं, विशेषतः मधुमेह असलेल्यांमध्ये. शंका राहिली तर नसांतून जाणाऱ्या विजेची चाचणी करतात.

चित्र आणि हात जुळले तरीही घाई नसते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळात मानेतली नस दबलेल्या ५६१ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला. साधारण एक चतुर्थांश लोकांचं ऑपरेशन झालं होतं. सरासरी पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा एकूण ९० टक्के लोकांना एकतर काही त्रास उरला नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८१ रुग्णांना ऑपरेशन, फिजिओथेरपी आणि गळपट्टा अशा तीन गटांत विभागलं होतं. चार महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं दुखणं कमी होतं. वर्षभरानंतर तिन्ही गटांत फारसा फरक राहिला नाही.

ऑपरेशन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. असह्य कळ आणि झोप नसलेल्या रात्री ज्याने काढल्या आहेत, त्याच्यासाठी चार महिने आधी मिळालेला आराम ही छोटी गोष्ट नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा गाडी चालवून पोट भरणाऱ्या माणसाचा हिशेब पगारी रजा असलेल्या माणसापेक्षा वेगळाच असणार. या गटात बऱ्याच वेळा निवड रुग्णाची असते, आणि ती त्याला मोकळेपणाने करू द्यावी, असं मला वाटतं.

साधारणपणे सहा ते बारा आठवडे औषधं, व्यायाम आणि काळजी घेऊनही कळ सहन होत नसेल, चित्र आणि लक्षणं नेमकी जुळत असतील, तर ऑपरेशनचा विचार योग्य ठरतो. एक गोष्ट मात्र वाट पाहू देत नाही, ती म्हणजे वाढत जाणारा अशक्तपणा. गेल्या आठवड्यात दंड खांद्याइतका वर जात होता आणि या आठवड्यात जात नाही, अशी स्थिती असेल तर बारा आठवडे मोजत बसायचं नाही. कधीकधी याच वेळी कळ अचानक कमी होते आणि माणूस बरं वाटलं म्हणून खूश होतो. कळ गेली पण ताकदही गेली, हे बरं होण्याचं लक्षण नाही.

गळपट्टा सुरुवातीचे थोडे आठवडे आराम देतो. महिनोन्महिने घातला तर मानेचे स्नायू दुबळे होतात.

मज्जारज्जू दबला असेल तर

इथे गोष्ट बदलते. वैद्यकीय भाषेत याला 'मायलोपॅथी' म्हणतात. हा आजार सहसा हळू आणि गुपचूप येतो. मोठं दुखणं नसतं. तक्रारी इतक्या किरकोळ वाटतात की माणूस त्या वयावर ढकलतो.

शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. साडीच्या निऱ्या बोटांतून सुटतात. सुट्टे पैसे मोजताना नाणी पडतात. बँकेतली सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. चालताना पाय जड, ताठ वाटतात. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. मान खाली वाकवली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखं वाटतं. लघवी लागली की थांबवत नाही.

यातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत जुळत असतील आणि रिपोर्टमध्ये मज्जारज्जूवर दाब लिहिलेला असेल, तर 'मान तर दुखत नाही' हा दिलासा खोटा आहे. इस्रायलमधल्या एका अभ्यासात लक्षणं सुरू झाल्यापासून योग्य निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचं आढळलं. बरेच रुग्ण तोपर्यंत मनगटातल्या नसेचा आजार समजून उपचार घेत होते.

डॉक्टर इथे हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. त्या प्रमाणाबाहेर जोरात येतात. मधल्या बोटाचं टोक झटकून अंगठा आपोआप आत वळतो का ते बघतात. तळपाय खालून खरवडतात. एका सरळ रेषेत चालायला लावतात. एक सोपी चाचणी हाताची मूठ पटापट उघडून मिटण्याची आहे. निरोगी माणूस १० सेकंदांत साधारण २० वेळा ती करू शकतो. घरी करून पाहायला हरकत नाही, पण आकडा कमी आला म्हणून आजार ठरत नाही आणि बरोबर आला म्हणून तपासणी टळत नाही.

ऑपरेशनचं काय? एओ स्पाइन आणि सर्व्हायकल स्पाइन रिसर्च सोसायटी या संस्थांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना आज जगभर वापरल्या जातात. त्यांत हाताची हालचाल, चाल, हातातली संवेदना आणि लघवीवरचा ताबा यांवर १८ पैकी गुण देतात. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र. मध्यम आणि तीव्र गटाला ऑपरेशनचीच शिफारस आहे. सौम्य गटाला दोन पर्याय दिले आहेत, ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम-उपचार. दुसरा पर्याय निवडला आणि प्रकृती ढासळली, तर ऑपरेशन करावं असंही त्यात स्पष्ट आहे.

मग चित्रात मज्जारज्जू दबलेला आहे, पण तपासणीत काहीच सापडत नाही, अशांचं काय? जपानच्या त्या अभ्यासातल्या ५.३ टक्क्यांसारख्यांचं? त्यांचं केवळ सावधगिरी म्हणून ऑपरेशन करू नये, असं याच सूचना सांगतात. त्यांना धोक्याची लक्षणं समजावून सांगायची आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासायचं. हातात नस दबल्याची लक्षणंही असतील तर धोका वाढतो, तिथे ऑपरेशनचा पर्याय पुढे ठेवायचा.

ऑपरेशनचा मुख्य हेतू बिघाड पुढे जाऊ न देणं हा असतो. बऱ्याच जणांना त्याहून जास्त फायदा होतो, हात-पाय सुधारतात. पण मज्जारज्जूच्या पेशींचं जे नुकसान होऊन गेलं, ते पूर्ण भरून येईलच असं नाही. जितका उशीर, तितकं कमी परत मिळतं. 'ऑपरेशनने माणूस अंथरुणाला खिळतो' या समजुतीचं मूळही कदाचित इथेच असावं. फार उशिरा, पाय जवळजवळ गेल्यावर आलेले रुग्ण ऑपरेशननंतरही उभे राहू शकले नाहीत, आणि दोष ऑपरेशनच्या नावावर लागला.

हातापायांच्या मुंग्या आणि तोल जाणं यांचं आणखी एक कारण आपल्याकडे विसरून चालत नाही, ते म्हणजे बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरांत ती बरीच आढळते. तिने मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा होते आणि एमआरआयमध्येही बदल दिसू शकतो. रक्ताची साधी तपासणी आणि इंजेक्शनं, एवढ्यात ज्याचं काम होणार आहे त्याचं ऑपरेशन व्हायला नको. अर्थात दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

मज्जारज्जू दबलेला असल्याचं माहीत असेल तर दाढी-कटिंगनंतर दुकानात मान मोडून घेणं कायमचं बंद. जोरात मालीश, मानेला झटके देणारे उपचारही नकोत. पडण्याचीही जपणूक करा, कारण आधीच अरुंद असलेल्या नळीत छोट्या अपघातानेही मज्जारज्जूला मोठी इजा होते.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

सर्वांत जास्त होणारं ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत ते रूढ झालं. पुढून छोटा छेद घेऊन श्वासनलिका-अन्ननलिका बाजूला सारतात, चकती काढून दाब मोकळा करतात आणि त्या जागी हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवतात. पुढे ते दोन मणके एकमेकांना जोडले जातात. काही रुग्णांमध्ये हलणारी कृत्रिम चकतीही बसवता येते. दाब बऱ्याच पातळ्यांवर असेल तर मागच्या बाजूने नळी मोठी करतात. त्यातली दरवाजासारखी हाडाची झडप उघडण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली.

पुढून केलेल्या ऑपरेशननंतर काही दिवस गिळायला त्रास होणं नेहमीचं आहे. आवाज घोगरा होऊ शकतो, बहुधा तात्पुरता. संसर्ग, हाड न जुळणं, खांद्याची ताकद कमी होणं, मज्जारज्जूला इजा हे धोके कमी प्रमाणात असले तरी असतात. तंबाखू आणि धूम्रपानाने हाड जुळायला अडथळा येतो, त्यामुळे डॉक्टर ते सोडायला सांगतात तेव्हा उपदेश म्हणून दुर्लक्ष करू नका. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या चकतीवर ताण येऊन वर्षांनंतर तिथे नवा त्रास होऊ शकतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तो वर्षाला सरासरी २.९ टक्के रुग्णांत सुरू झाला होता.

वाट न पाहण्याच्या वेळा

हात किंवा पाय काही तासांत किंवा दिवसांत लुळे पडू लागणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखून हातापायांत बधिरपणा येणं, अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं. ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं मानेचं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. मणक्याचा क्षयरोग भारतात दुर्मीळ नाही. वेळेत सापडला तर बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात.

डॉक्टरांकडे जाताना

रिपोर्टचा कागद पुरेसा नाही. फिल्म किंवा सीडी सोबत न्या. शल्यचिकित्सक चित्रं स्वतः पाहतात, आणि रिपोर्टमधला 'मॉडरेट' त्यांना 'माइल्ड' किंवा 'सिव्हिअर' वाटू शकतो. जुना एमआरआय असेल तर तोही न्या. आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा की कळ कुठून कुठे जाते, मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात, काय आधी करता येत होतं आणि आता येत नाही, आणि कधीपासून.

तिथे विचारायच्या गोष्टी फार नाहीत. माझी नस दबली आहे की मज्जारज्जू? चित्रातली जागा माझ्या लक्षणांशी जुळते का? ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या वर्षभरात काय होऊ शकतं? केलं तर यातलं काय जाईल आणि काय राहील? वाट पाहायची असेल तर कोणतं लक्षण दिसल्यावर लगेच परत यायचं? डॉक्टरांनी हात-पाय न तपासता फक्त फिल्म बघून ऑपरेशनची तारीख दिली, तर दुसरं मत घ्या. नस दबली असेल तर त्यासाठी बहुतेकदा पुरेसा वेळ असतो. मज्जारज्जूचा त्रास सुरू झाला असेल तर दुसरं मत त्याच आठवड्यात घ्या.